शुगर कळली, पण हृदयाचं काय?

मधुमेही माणूस रिपोर्ट घेऊन दवाखान्यातून बाहेर पडला की मंठाळात काय, बसवकल्याणात काय, पहिला प्रश्न एकच असतो, ‘शुगर किती आली?’ उपाशीपोटीची एकशेवीस-तीस आली की घरचे निश्चिंत होतात, रिपोर्ट पिशवीत जातो आणि पुढच्या वेळेपर्यंत तो कुणी उघडत नाही. पण टाइप-२ मधुमेहात बहुतेक माणसं शुगर फार वाढल्यामुळे दगावत नाहीत. त्यांच्यातल्या पुष्कळांचा जीव जातो हृदयविकाराने आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने. हा आजार छातीत कळ येण्याच्या दिवशी सुरू झालेला नसतो. त्याच्या खुणा कितीतरी वर्षं आधीपासून रक्तात दिसू लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा त्याच पिशवीतल्या जुन्या रिपोर्टांवर छापलेल्या असतात.

मधुमेह आणि हृदय यांचं नातं किती जवळचं आहे, हे १९९८ मध्ये फिनलंडमधल्या एका पाहणीतून ठळकपणे पुढे आलं. ज्यांना मधुमेह होता पण हृदयविकाराचा झटका कधी आलेला नव्हता, अशांपैकी सुमारे २० टक्के लोकांना पुढच्या सात वर्षांत झटका आला. मधुमेह नसलेल्या, पण आधी एक झटका येऊन गेलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १९ टक्के होतं. म्हणजे नुसता मधुमेह हा जणू एक झटका येऊन गेल्याइतका जोखमीचा ठरला. नंतरच्या अभ्यासांनी या निष्कर्षाला मुरड घातली. सगळे मधुमेही सारख्या धोक्यात नसतात. काहींचा धोका साधारण माणसापेक्षा थोडाच जास्त असतो, तर काहींचा कितीतरी पट. कोण कुठल्या गटात बसतो हे चेहऱ्यावरून, वजनावरून किंवा नुसत्या शुगरवरून ओळखता येत नाही. रक्ताच्या चाचण्या लागतात त्या इथे.

आपल्याकडे तर धोक्याची ही पारख आणखी लवकर करायला हवी. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला, बाकीच्या जगात सुमारे ५९व्या वर्षी. सहा वर्षांचा हा फरक घरात कर्ता माणूस असण्या-नसण्याचा फरक आहे. त्यात रुग्णांची संख्याही प्रचंड. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत.

‘मी तर सडपातळ आहे, शेतात राबतो, मला कसलं कोलेस्टेरॉल?’ हा युक्तिवाद कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या आपल्या खेड्यांत पुष्कळदा ऐकू येतो. त्याला सगळ्यात चांगलं उत्तर पुण्यातून मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर माता आणि त्यांची मुलं यांचा पिढीभर चाललेला अभ्यास उभा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याकडच्या बाळांत स्नायू आणि इतर अवयवांचं वजन बरंच कमी होतं, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण जन्मापासूनचीच असते. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधले सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा दोघांनाही ‘योग्य वजनाचे’ ठरवत होता. म्हणून मंठाळच्या सडपातळ शेतकऱ्यानेही काट्यावर विसंबू नये. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर वजन कितीही कमी असो, पुढच्या तपासण्या टाळू नयेत.

आता रिपोर्टांकडे येऊ. पहिला आकडा एचबीए१सीचा, ज्याला लोक ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि त्या पेशी साधारण चार महिने जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी या एका चाचणीत उतरते. ब्रिटनमधल्या मोठ्या मधुमेह-अभ्यासात एचबीए१सी एका टक्क्याने कमी असणाऱ्यांत झटक्याचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळलं, तर डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शुगरची खरी ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. शुगर ताब्यात ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंड फार वाचतात. हृदयही वाचतं, पण तेवढ्याने भागत नाही.

शुगर फार खाली रेटण्याचाही उपयोग नसतो. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात दहा हजारांवर मधुमेहींपैकी निम्म्यांची एचबीए१सी सहाच्या खाली नेण्यासाठी औषधांचा मारा केला गेला. त्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले, आणि २००८ मध्ये अभ्यासाचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. बहुतेकांसाठी सातच्या आसपास, तर वयस्कर किंवा वारंवार शुगर उतरणाऱ्यांसाठी त्याहून थोडी सैल मर्यादा डॉक्टर ठरवतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

आणखी एक बारकावा बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल, तर एचबीए१सी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. उलट नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर ती खोटी कमी दिसते. म्हणून या चाचणीसोबत हिमोग्लोबिनचा आकडा पाहायलाच हवा, आणि घरच्या ग्लुकोमीटरवर दिसणारी शुगर तिच्याशी जुळत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगावं.

खरी गोष्ट सुरू होते ती लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीपासून. या रिपोर्टवर बहुतेकांची नजर ‘टोटल कोलेस्टेरॉल’वर पडते आणि ते दोनशेच्या आत असलं की कागद मिटला जातो. मधुमेह्याच्या बाबतीत हाच आकडा सर्वांत जास्त फसवतो. समजा, एखाद्याच्या रिपोर्टवर टोटल १९०, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल ३४, ट्रायग्लिसराइड्स २४० आणि एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १०८ असं छापलंय. टोटल ‘नॉर्मल’, एलडीएल जरासं जास्त, काही विशेष नाही असं वाटेल. पण टोटलमधून एचडीएल वजा करा. १९० वजा ३४, उरले १५६. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून थर धरू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं मिळून कोलेस्टेरॉल ते हेच. भारतीय कार्डिओलॉजिकल सोसायटीने २०२४ मध्ये आपल्या देशासाठी पहिल्यांदाच स्वतंत्र लिपिड मार्गदर्शिका काढली. तिच्यात मधुमेहीला जास्त धोक्याच्या गटात धरून नॉन-एचडीएल १०० च्या आत आणि एलडीएल ७० च्या आत ठेवायला सांगितलंय. १५६ कुठे आणि १०० कुठे!

ही वजाबाकी घरबसल्या, फुकट करता येते आणि मधुमेह्यासाठी तिचं मोल मोठं आहे. त्याचं कारण एलडीएलचा आकडा मिळतो कसा, यात आहे. पुष्कळ प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजलं जात नाही. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राने ते काढलं जातं, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करून. ट्रायग्लिसराइड्स जितके वाढतील तितकं हे सूत्र डळमळतं, आणि ४०० च्या पुढे तर ते वापरूच नये. मधुमेह्यात ट्रायग्लिसराइड्स वाढलेले आणि एचडीएल घटलेलं ही जोडी फार नेहमीची. म्हणजे सूत्र जिथे कच्चं पडतं, तिथेच हा रुग्ण उभा असतो.

त्याच्या पुढची पायरी अपोलिपोप्रोटीन-बी, थोडक्यात अपो-बी. मधुमेह्याच्या रक्तात एलडीएलचे कण पुष्कळदा लहान आणि दाट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल थोडं, पण कणांची संख्या जास्त. साखर कारखान्याच्या रस्त्यावर कोंडी किती होणार हे उसाच्या टनांवर ठरत नाही, गाड्या किती आल्या त्यावर ठरतं; रक्तवाहिनीचंही तसंच आहे. अशा प्रत्येक कणावर अपो-बीचा नेमका एकच रेणू असतो. त्यामुळे अपो-बी मोजणं म्हणजे कण मोजणं. ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या, पोट सुटलेल्या मधुमेह्याच्या बाबतीत ही चाचणी एलडीएलपेक्षा खरं बोलते. ती तालुक्याच्या प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही, नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि पैसेही जास्त लागतात. परवडत नसेल तर वर सांगितलेल्या वजाबाकीवर बरंचसं काम भागतं. एलडीएल ठीक दिसत असताना नॉन-एचडीएल वाढलेलं असेल आणि औषध वाढवायचं की नाही याचा निर्णय अडला असेल, तर मात्र अपो-बीवर खर्च करावा.

आकडा कळल्यावर काय करायचं, हा प्रश्न इथेच येतो. चाळीस ओलांडलेल्या मधुमेह्याला एलडीएल कितीही असलं तरी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, देण्याचा सल्ला आज बहुतेक मार्गदर्शिका देतात. त्यामागे ब्रिटन आणि आयर्लंडमधला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कार्ड्स’ अभ्यास आहे. हृदयविकार नसलेल्या २,८३८ मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अटोर्व्हास्टॅटिन दिलं गेलं. त्यांच्यात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि फायदा इतका उघड होता की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच थांबवला गेला. या गोळीने शुगर किंचित वाढू शकते, हे खरं आहे. पण त्या भीतीने ती सोडणं म्हणजे लहान तोटा टाळण्यासाठी मोठा ओढवून घेणं. पाय दुखत असतील तर गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावं. मात्रा किंवा औषध बदलता येतं.

आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद’ हा प्रकार तर अजिबात करू नये. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच.

पुढची खूण रक्तातली नाही, लघवीतली आहे. तरीही ती वगळून हा विषय पुरा होऊच शकत नाही. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण पाहतात, चिठ्ठीवर ते ‘यूएसीआर’ किंवा ‘मायक्रोअल्ब्युमिन’ असं लिहिलेलं असतं. ते ३० च्या आत असावं. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालेली, आणि त्यापुढे म्हणजे बरीच झालेली. लोकांना ही मूत्रपिंडाची चाचणी वाटते. ती आहेच, पण मूत्रपिंडाच्या बारीक चाळणीतून प्रथिन गळू लागलंय याचा अर्थ शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावलंय असा होतो. त्यात हृदयाच्याही आल्या. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, मासिक पाळीत किंवा खूप अंगमेहनतीच्या दुसऱ्या दिवशी ही चाचणी करू नये. एकदा वाढलेली आली तरी घाबरून न जाता तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करून, तीनपैकी दोनदा वाढलेली असेल तरच ती खरी मानावी.

ही साधी खूण वेळेत ओळखून काय साधतं, हे डेन्मार्कच्या ‘स्टेनो-२’ अभ्यासाने दाखवलंय. लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागलेले अवघे १६० मधुमेही त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकी निम्म्यांच्या शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सगळ्यांवर एकाच वेळी, चिकाटीने, जवळजवळ आठ वर्षं काम केलं. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना त्यांच्यात निम्म्याहून कमी झाल्या. २१ वर्षांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा हा गट दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ७.९ वर्षं जास्त जगलेला दिसला. कुठलंही एक चमत्कारी औषध नव्हतं, कुठलंही मोठं ऑपरेशन नव्हतं. मंठाळहून गाठता येतील अशा दवाखान्यांत आज मिळू शकत नाही असं त्यात फारसं काही नव्हतं. मधुमेहाच्या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत आशा देणारी गोष्ट म्हणावी लागेल.

याच्या जोडीला सीरम क्रिएटिनिन. इथेही नुसता आकडा पाहू नये. वय आणि लिंग धरून त्यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढतात, रिपोर्टवर ती ‘ईजीएफआर’ या नावाने येते. ती ६० च्या खाली राहू लागली की हृदयाचा धोका स्पष्टपणे वाढतो आणि काही गोळ्यांची मात्राही बदलावी लागते. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ असूनही ही क्षमता बरीच उतरलेली असू शकते. लॅबने ती छापली नसेल तर मागून घ्यावी.

आयुष्यात एकदाच करायची एक चाचणी आहे, लायपोप्रोटीन-ए. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी हा कण शोधला. रक्तातलं त्याचं प्रमाण आहार, व्यायाम, वजन यांनी फारसं हलत नाही. आईवडिलांकडून जे आलं तेच जन्मभर राहतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो, आणि दक्षिण आशियाई लोकांत त्याचा झटक्याशी असलेला संबंध जोरकस आढळलाय. ‘वडील पन्नाशीत गेले, काकाही तसेच गेले’ अशी घराण्याची हकीकत असेल तिथे ही चाचणी जरूर करावी, आणि वाढलेली निघाली तर भावंडांची आणि मुलांचीही करावी. तिला खाली आणणारी सहज मिळणारी गोळी आज नाही. म्हणून उरलेलं सगळं, एलडीएल, रक्तदाब, तंबाखू, जास्त कडकपणे सांभाळायचं. चिठ्ठी देताना नाव नीट लिहून घ्यावं, कारण अपोलिपोप्रोटीन-ए-वन ही वेगळीच चाचणी असून दोन्हींत गोंधळ होतो.

हृदयावर ताण येऊ लागला की त्याच्या स्नायूंतून रक्तात उतरणारं रसायन म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. मधुमेह्याचं हृदय हळूहळू कमजोर होतं, तेव्हा सुरुवातीला दम लागत नाही, पायांवर सूज येत नाही. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या २०२२ च्या तज्ज्ञगटाने मधुमेहींनी वर्षातून एकदा ही किंवा अतिसंवेदनशील ट्रोपोनिनची चाचणी करावी असं सुचवलं आहे. एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या पुढे असेल तर टू-डी इको करून हृदयाची ताकद पाहतात. वय वाढलं, मूत्रपिंड मंदावलं की हा आकडा वाढतो आणि स्थूल माणसात तो कमी दिसतो, म्हणून अर्थ डॉक्टरांनीच लावावा. आपल्या भागात प्रत्येकाला ती दरवर्षी परवडेल असं नाही. दहा वर्षांहून जुना मधुमेह, रक्तदाब, लघवीत अल्ब्युमिन, चालताना नवा दम, यांपैकी दोन गोष्टी असतील त्यांनी तरी ती करून घ्यावी.

अतिसंवेदनशील सीआरपी ही चाचणी शरीरातली मंद जळजळ दाखवते. १ च्या आत चांगलं, ३ च्या वर धोका जास्त. पण सर्दी, दाढदुखी, पायाची जखम, काहीही असलं तरी ती वाढते. १० च्या वर गेली तर कुठे तरी संसर्ग आहे असं समजून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहायची. एकट्या तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

होमोसिस्टीनबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘हार्ट पॅकेज’मध्ये ते हमखास असतं. ते वाढलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, पण जीवनसत्त्वं देऊन ते खाली आणल्यावर झटके कमी होत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालंय. मग आपल्याकडे ते इतकं वाढलेलं का असतं? याज्ञिकांच्याच गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांत पाहिलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं होतं. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण. बसवण्णांच्या कल्याणभोवतीच्या या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार न करणारी असंख्य घरं आहेत, आणि मधुमेहाची पहिली गोळी मेटफॉर्मिन बी-१२ आणखी कमी करते. पायाला मुंग्या येणं, जीभ सोलणं, थकवा असं असेल तर होमोसिस्टीनवर पैसे घालण्याऐवजी सरळ बी-१२ तपासावं आणि ते भरून काढावं. नसा वाचतील, रक्तही सुधारेल.

चाळीस-पन्नास चाचण्यांची पॅकेजं स्वस्त वाटतात, पण त्यांत थायरॉइडपासून युरिक अॅसिडपर्यंत सगळं असतं आणि लघवीतलं अल्ब्युमिन पुष्कळदा नसतंच. पैसे मोजके असतील तर आधी एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन एवढंच करावं. त्यातली एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि बाकीच्या निदान वर्षातून एकदा. यातल्या बहुतेक सरकारी रुग्णालयात होऊ शकतात. तीस वर्षांवरच्यांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच मोफत होते.

लिपिड प्रोफाइलसाठी उपाशी राहायलाच हवं, ही समजूत आता मागे पडली आहे. भारतीय मार्गदर्शिकेनेच जेवूनही चाचणी चालते असं म्हटलंय. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले आले तरच उपाशीपोटी पुन्हा करायची. हे इथल्यांसाठी फार कामाचं आहे. पहाटेची बस धरून बिदर किंवा कलबुर्गीला जाणारा रुग्ण दुपारपर्यंत उपाशी बसतो, आणि त्याने सकाळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली असेल तर शुगर उतरून रस्त्यातच घेरी येते. उपाशीपोटीची शुगर द्यायची असेल तर त्या दिवशीचं औषध रक्त देऊन झाल्यावर, खाण्याबरोबर घ्यावं. आदल्या भेटीत डॉक्टरांना हे विचारून ठेवावं आणि पिशवीत भाकरी व थोडी साखर असू द्यावी.

सीमाभागाची अडचण आणखी एक आहे. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि बिदर एकाच जिल्ह्यात होते. राज्यं वेगळी झाली, पण सोयरिकी आणि दवाखान्यांच्या वाटा तशाच राहिल्या. मंठाळचा रुग्ण एकदा बसवकल्याणला दाखवतो, एकदा उमरग्याला पाहुण्यांच्या ओळखीने, मोठं काही निघालं तर कलबुर्गी किंवा सोलापूर. प्रत्येक डॉक्टरच्या हाती एकच कागद लागतो, आणि आकडा चढतोय की उतरतोय हे कुणालाच दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून शाळकरी वहीचं एक पान पुरतं. तारीख, लॅबचं नाव, एचबीए१सी, एलडीएल, नॉन-एचडीएल, ट्रायग्लिसराइड्स, ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तदाब, चालू गोळ्या. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने किंवा सुनेने ते लिहावं आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. शक्यतो लॅब एकच ठेवावी. उपचारांसाठी महाराष्ट्रात जायचं असेल तर कर्नाटकच्या आरोग्य योजनेचं कार्ड तिथे चालतं का, हे निघण्याआधी विचारावं.

ट्रायग्लिसराइड्स हा आकडा खाण्यापिण्याला सर्वांत लवकर ऐकतो. गोड, मैदा आणि दारू कमी केली की काही आठवड्यांत तो उतरलेला दिसतो. जोंधळ्याची भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी हे इथलं जेवण वाईट नाही. बिघडतं ते दिवसाच्या पाच-सहा कप गोड चहाने, बेकरीच्या खारी-टोस्टने आणि ताटभर भाताने. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात बसून भज्जी आणि आंबील खाऊ नये असं कुणी म्हणणार नाही. ती डाळी-भाज्यांची भज्जी उत्तमच आहे, बेताने घ्यावी ती हुग्गी. तंबाखू मात्र बेताने चालत नाही. विडी, गुटखा, मिश्री, कुठल्याही रूपात ती पूर्ण सुटायला हवी.

औषधांतही आता चांगले पर्याय आहेत. एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीने हृदयविकार असलेल्या मधुमेहींतले हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१५ मध्ये दिसलं. भारतात तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि किंमत बरीच खाली आली. लघवीत अल्ब्युमिन असेल, हृदय कमजोर असेल, तर ही किंवा याच जातीची गोळी आपल्याला चालेल का, असं रुग्णाने स्वतः विचारावं. याउलट रक्त पातळ करायची अॅस्पिरिन शेजाऱ्याला दिलीय म्हणून आपणही घेऊ नये. हृदयविकार नसलेल्या पंधरा हजारांवर मधुमेहींच्या ‘असेंड’ अभ्यासात तिने झटके-पक्षाघात १२ टक्क्यांनी कमी केले, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढवले.

इतकं करूनही एखाद्या रात्री दुखणं येऊ शकतं, आणि मधुमेह्यात ते छातीतल्या कळेने येईलच असं नाही. नसा बधिर झालेल्या असल्याने नुसता घाम, एकदम लागलेला दम, मळमळ किंवा ‘पित्त झालंय’ असं वाटणं हाही झटका असू शकतो. अशा वेळी सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून ईसीजी होईल अशा जवळच्या सरकारी रुग्णालयात जावं. कर्नाटकात तालुका रुग्णालयातच ईसीजी वाचून गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देण्याची, पुनीत राजकुमार यांच्या नावाची हृदयज्योती योजना आहे. आपल्या तालुक्यात ती सोय कुठे आहे हे आजच विचारून वहीत लिहून ठेवावं. पुढच्या उपचारांसाठी बेंगळुरूला धावण्याचीही गरज उरलेली नाही. जयदेव हृदयरोग संस्थेचं ३७१ खाटांचं रुग्णालय डिसेंबर २०२४ पासून कलबुर्गीतच आहे.

कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू झाली असेल किंवा मात्रा बदलली असेल, तर लिपिड प्रोफाइलसाठी वर्षभर थांबू नये. चार ते बारा आठवड्यांच्या आत ती पुन्हा करावी, आणि नॉन-एचडीएल अजून १०० च्या वर असेल तर वहीचं ते पान डॉक्टरांसमोर ठेवून पुढची पायरी विचारावी. स्टॅटिनची मात्रा वाढवता येते, इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडता येते, आणि ही दोन्ही औषधं जन औषधी केंद्रात बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात.